पळणाऱ्याला पकडा, पळाल्याची शिक्षा तुम्ही देऊ नका

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई

प्रत: मा. अपर मुख्य सचिव (गृह), मंत्रालय, मा. अध्यक्ष, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण

विषय: पळून जाणाऱ्या संशयिताचा पाठलाग, त्यात वापरले जाणारे बळ आणि त्याची नोंद याबाबत लेखी व जाहीर स्थायी आदेश काढण्याबाबत.

महोदय,

‘आरोपी पळून जात असताना पडून जखमी झाला.’ मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत रिमांडच्या कागदांवर हे वाक्य नेहमी वाचायला मिळते. कधी ते शब्दशः खरे असते. अंधारी गल्ली, पायात सपाता, गटाराचे सरकलेले झाकण, आणि माणूस तोंडावर आपटतो. कधी ते खोटे असते, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे खोटे खपून जाते आणि खरे लिहिणाऱ्या अंमलदारावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पाठलागात पोलीस गरजेपेक्षा जास्त बळ वापरतात का? आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण लोक जिथे बोट दाखवतात तिथे नव्हे. चर्चा गोळीबाराची होते आणि गोळीबार विरळा असतो. अतिरेक होतो तो पाठलागाच्या दोन टोकांना. ज्याच्या मागे धावायची गरजच नव्हती त्याच्या मागे धावताना, आणि माणूस हाती लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. हे पत्र मुख्यतः या दोन टोकांबद्दल आहे.

आधी कायदा, कारण त्याबद्दल ठाण्याच्या आत आणि बाहेर सारखेच गैरसमज आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६) सांगते की, कोणी अटकेला बळाने विरोध केला किंवा निसटू पाहिले तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात. यातला ‘सर्व’ सगळ्यांना पाठ असतो, ‘आवश्यक’ वाटेत गळून पडतो. त्याच कलमात पुढे अट आहे. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. ही अट १८९८ च्या संहितेतही होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पळणाऱ्यावरच्या गोळीबाराला लगाम घातला तो १९८५ मध्ये, टेनेसी विरुद्ध गार्नर या निकालात. मेम्फिस शहरात १९७४ मध्ये कुंपणावर चढणाऱ्या १५ वर्षांच्या निःशस्त्र मुलाच्या डोक्यात मागून गोळी लागली होती. चोरीचा ऐवज होता एक पर्स आणि दहा डॉलर. पुस्तकातल्या कायद्यात आपण त्यांच्या कितीतरी पुढे होतो.

पण आपल्या अटीत एक खोट आहे. ती शिक्षेच्या आकड्यावर बेतलेली आहे, समोरच्या धोक्यावर नाही. मौल्यवान दस्तऐवज बनावट करणे (भारतीय न्याय संहिता, कलम ३३८) हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. साखळी हिसकावण्याला (कलम ३०४) तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आकड्यावरच बोट ठेवून वाचले, तर बनावट दस्त करून पळणारा इस्टेट एजंट गोळीच्या टप्प्यात येतो आणि साखळीचोर बाहेर राहतो. असे कोणी करत नाही हे खरे, पण नियम शिपायाच्या शहाणपणावर सोडून भागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवानाच्या परिषदेत स्वीकारलेली बळवापराची तत्त्वे धोका हाच निकष धरतात. स्थायी आदेशातही तोच हवा: हा माणूस आत्ता, या क्षणी कोणाच्या जिवावर उठला आहे का?

आणि पळण्याचे म्हणाल तर कायदेशीर अटकेला विरोध करून निसटण्याची कमाल शिक्षा न्याय संहितेच्या कलम २६२ खाली दोन वर्षे आहे. ती देण्याचे काम न्यायालयाचे.

आता पहिले टोक. रात्री नाकाबंदीत हात दाखवूनही न थांबणारा दुचाकीस्वार घ्या. तो का पळतो? लायसन्स नाही, गाडी मित्राची आहे, दोन पेग झालेत, मागे बसलेल्याचे वय सतरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. गाडीचा नंबर दिसलेला असतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या शहराच्या सीसीटीव्ही जाळ्यात तेव्हाच साडेचार हजारांहून जास्त कॅमेरे होते. मालकाचा पत्ता सकाळी मिळतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा अपवाद आणि नोटीस हा नियम, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून न्यायालये सांगत आली आहेत. ज्याला कायदा नोटीस पाठवा म्हणतो, त्याला उड्डाणपुलावर ऐंशीच्या वेगाने पळवण्यात काय हशील?

नाक्यावर नेमके काय बिघडते, ते आकड्यांत पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. अंमलदार गाडीसमोर १५ मीटरवर अचानक आला तर चालकाकडे सुमारे १.३५ सेकंद उरतात, आणि माणसाला धोका ओळखून ब्रेकवर बोट न्यायलाच एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे त्याला नीट ब्रेक मारताच येत नाही, तो फक्त हँडल वळवतो. एक तर अंमलदाराला उडवतो, नाहीतर दुभाजकावर जातो. मग गुन्हा ‘अंगावर गाडी घातली’ असा नोंदला जातो. ताशी ६० ला पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे ४५ ते ५० मीटर लागतात, पावसाळी रस्त्यावर ६० च्या आसपास.

म्हणून नाका निदान १०० मीटरवरून दिसला पाहिजे, लुकलुकणाऱ्या दिव्यासह. वळणाच्या पलीकडे किंवा पुलाच्या उतारावर नाका लावणे म्हणजे सापळा लावणे. बॅरिकेडच्या दोन रांगा १५-२० मीटर अंतर ठेवून एकाआड एक लावल्या की गाडीला नागमोडी यावेच लागते आणि वेग आपोआप पंधरा-वीसवर येतो. अडवणारे कर्मचारी दुसऱ्या रांगेच्या पुढे, बाजूला उभे राहतात, समोर नाही. हे करायला चार बॅरिकेड जास्त लागतात, एवढेच.

चालत्या दुचाकीवर लाठी फेकणे, चाकात लाठी घालणे, मागच्याची कॉलर धरून खेचणे, धावत्या गाडीची चावी काढू पाहणे, हे चारही प्रकार नाव घेऊन बंद करा. चालत्या दुचाकीवरून पडणाऱ्याचे डोके रस्त्यावर आपटते, आणि हेल्मेट नसते म्हणूनच तो बऱ्याचदा पळालेला असतो. दंड वाचवायला निघालेल्याची कवटी फोडणे याला ‘सौम्य बळ’ म्हणता येणार नाही.

गाडीने पाठलाग करायचाच असेल तर तो चालू ठेवायचा की थांबवायचा, हे धावणाऱ्याने ठरवू नये. मागे लागलेल्या माणसाची नजर बोगद्यात शिरल्यासारखी होते. त्याला पुढची नंबर प्लेट दिसते, शेजारची शाळा सुटलेली दिसत नाही. बीट मार्शलने (गस्तीवरच्या पोलिसाने) कंट्रोलला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, पाच गोष्टी सांगाव्यात: नंबर, रंग, दिशा, गाडीवर किती जण, आणि कशासाठी हवा आहे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘थांबला नाही’ एवढेच असेल, तर कंट्रोलवरच्या अधिकाऱ्याने ‘सोडा’ म्हणावे आणि तो शब्द टेपवर राहावा.

पायी पाठलागाला मुंबईत स्वतःचे धोके आहेत, आणि ते इथल्या भूगोलातून येतात. पहिला रेल्वेचा. माणूस प्लॅटफॉर्मवरून रुळांत उतरला की पाठलाग प्लॅटफॉर्मच्या टोकाशी संपला पाहिजे. गर्दीच्या वेळी लोकल तीन-चार मिनिटांनी येते, आणि डब्याच्या टपावर चढणाऱ्याच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. पुढच्या स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना वर्णन कळवणे जास्त उपयोगाचे. दुसरा धोका पत्र्याचा. चाळीच्या आणि वस्तीच्या छपरावरचा सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो, खाली पाळण्यात मूल असू शकते. तिसरा इमारतींच्या डक्टचा आणि गॅलरीचा. जुगाराच्या अड्ड्यावर दोन्ही दारांनी एकदम घुसले की लोक खिडकीतून उड्या टाकतात. खाली उजेडात एक गणवेशातला माणूस उभा असला, आणि धाडीआधी मागचा जिना अडवलेला असला, तर कोणी तिसऱ्या मजल्यावरून उडी घेत नाही.

डिटेक्शनच्या, म्हणजे गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या स्टाफचा प्रश्न वेगळा. साध्या कपड्यांतले चार तगडे लोक अंगावर आले तर कोणीही पळेल. या शहरात तोतया पोलिसांनी लुटल्याच्या बातम्या लोक रोज वाचतात, त्यामुळे पळणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो असे धरता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६ अटक करणाऱ्याने नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख बाळगायला सांगते. खिशातले ओळखपत्र धावताना दिसत नाही. गळ्यात उलटे लटकलेलेही नाही. पाठीवर ‘पोलीस’ लिहिलेले, झटकन चढवता येणारे जाकीट हा यावरचा स्वस्त इलाज आहे. ओरडायचे ते ‘पोलीस! थांब!’ असे. ‘चोर, चोर’ अशी ओरड केली की गल्ली मदतीला येते, आणि गल्लीचा हात आवरणे मग दोघा अंमलदारांच्या ताकदीबाहेर असते. नंतर कोणती जखम कोणाच्या हातची हे सांगता येत नाही आणि सगळा दोष वर्दीवर येतो.

गोळीबाराबद्दल थोडक्यात. हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येते, आणि चौरस किलोमीटरला वीस हजारांहून जास्त माणसे राहणाऱ्या या शहरात ‘कुठेतरी’ म्हणजे कोणाच्या तरी अंगणात. रायफलची ७.६२ मिलिमीटरची गोळी पत्र्याची भिंत आरपार जाते, त्यामुळे वस्तीत पळणाऱ्यावर नेम धरणारा प्रत्यक्षात त्याच्यामागच्या घरांवर नेम धरत असतो. ‘मग पायावर मारा’ हा लोकप्रिय सल्लाही तितकासा सुरक्षित नाही. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलीस व्हॅनमध्ये मृत्यू झाला, तेव्हा उच्च न्यायालयाने विचारले होते की गोळी डोक्यात का, हातापायावर का नाही. बंद गाडीत, हाताच्या अंतरावर, चार पोलीस असताना हा प्रश्न अगदी रास्त होता. धावणाऱ्याचा पाय मात्र हलते आणि अरुंद लक्ष्य आहे, आणि मांडीची मुख्य रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून ‘पायावर मारली’ हा बचाव मानू नये. जिथे जीव वाचवण्यासाठी गोळी चालवणे समर्थनीय नाही, तिथे ती पायावरही समर्थनीय नाही. आणि प्रत्येक मोबाइल व्हॅनमध्ये दाबपट्टी आणि रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा असावा. तो जखमेच्या वरच्या अंगाला, धडाच्या बाजूला घट्ट आवळायचा आणि बांधल्याची वेळ त्याच्यावर पेनने लिहायची, हे शिकवायला एक दुपार पुरते. जखमी आरोपीला तातडीने मदत मिळवून देणे हे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे कर्तव्यच आहे.

आता दुसरे टोक, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे.

चारशे मीटर धावलेला अंमलदार काय अवस्थेत असतो? बारा तासांची ड्युटी, बूट, पट्टा, घामाने चिंब, नाडी दीडशेच्या पुढे. लोकांसमोर त्याला एका पोराने पळवलेले असते. ‘किती पळवलंस रे’ म्हणत पहिली थप्पड पडते ती तपासासाठी नसते. ती पळवल्याची वसुली असते. मागून धापा टाकत येणारा दुसरा, तिसरा जण आपापली भर घालतो, कारण आधी काय झाले ते त्याने पाहिलेले नसते. म्हणून एक साधा नियम करा: ज्याने पाठलाग केला त्याने फक्त धरायचे, बेडी घालणे आणि झडती घेणे दुसऱ्याने करायचे. ठाण्यात नेल्यावरही पाठलाग करणाऱ्याने चौकशी करायची नाही. निदान पहिला तास तरी त्याने पाणी पिऊन आपला जबाब लिहावा. माणसे कमी आहेत हे कारण आम्हाला माहीत आहे, पण दोघांत काम वाटून घ्यायला तिसरा लागत नाही.

याहून घातक गोष्ट कोणाच्या रागातून होत नाही, सवयीतून होते. पकडलेल्याला पालथे पाडून पाठीवर गुडघा देणे. धावून आलेल्या माणसाच्या रक्तात आम्ल साठलेले असते. ते बाहेर टाकायला त्याला मिनिटाला तीस-चाळीस खोल श्वास लागतात. पाठीवर वजन आले की छातीचा पिंजरा आणि पोटाचा पडदा हलत नाही. माणूस सुटण्यासाठी नव्हे, हवेसाठी धडपडतो. वर बसलेल्याला ती धडपड विरोध वाटते आणि तो आणखी दाबतो. मग धडपड थांबते, आणि सगळ्यांना वाटते आता शांत झाला. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हा समज चुकीचा आहे. चार शब्दांपुरती हवा असणे आणि जगण्यापुरती असणे यात फरक आहे. बेडी लागताक्षणी माणसाला कुशीवर वळवायचे, मग बसवायचे, पाठीवरचे वजन त्या क्षणी काढायचे. व्हॅनमध्ये दोन बाकांच्या मध्ये पालथा टाकून न्यायचा नाही. स्थूल, दारू प्यालेला किंवा नशेतला असेल तर धोका दुप्पट समजायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६ सांगतेच की, निसटू नये यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन अटक झालेल्यावर घालता येत नाही.

पळताना पडलेल्या माणसाच्या आणि मार खाल्लेल्या माणसाच्या जखमा वेगळ्या असतात. पुढे पळणारा पुढे पडतो: तळहात, गुडघे, कोपरे, हनुवटी खरचटते, जखमेत माती किंवा खडी सापडते. लाठीचा वळ म्हणजे दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टी, रुळांच्या जोडीसारखी. नितंब, मांडीची मागची बाजू, तळपाय इथे पळताना पडून वळ उठत नाहीत. मार चुकवायला हात वर धरणाऱ्याच्या कोपराखालच्या हातावर, करंगळीच्या बाजूने जखमा असतात. हिरवट पडलेला डाग चार-सहा दिवसांपूर्वीचा असतो. तो कालच्या पाठलागातला नसतो.

हे न्यायवैद्यक शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असते. पण पालिकेच्या रुग्णालयात मध्यरात्री आरोपीला नेले जाते, तेव्हा ‘कसे लागले’ या रकान्यातले उत्तर सोबतचा अंमलदार देतो. त्याच संहितेच्या कलम ५३ खालच्या तपासणीत डॉक्टरने जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ लिहायची असते आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला द्यायची असते. प्रत क्वचित दिली जाते. तपासणीच्या वेळी अंमलदार दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभा राहील, एवढे एक वाक्य आदेशात घाला. दुसऱ्या दिवशी दंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असे विचारतात, तेव्हा आरोपीच्या कोपराशी तोच अंमलदार उभा असतो ज्याने रात्री त्याला धरले. ‘तक्रार नाही’ ही नोंद मग कोणालाच खरी वाटत नाही.

‘पळाला’ हा शब्द किती काळजीने तपासायला हवा, हे या शहराला ठाऊक आहे. घाटकोपर बॉम्बस्फोटात अटक झालेला ख्वाजा युनूस २००३ मध्ये औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाल्यावर पळाला, अशी नोंद झाली होती. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचा निष्कर्ष निघाला. आणि १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकींचा, सुमारे १३५ मृत्यूंचा प्रश्न घेऊनच तर सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल आला. त्यातल्या १६ सूचना मृत्यूसाठी आहेत, पण चकमकीतल्या गंभीर जखमांनाही शक्य तितक्या लागू कराव्यात असे तोच निकाल म्हणतो. हा भाग फारसा कोणी वाचत नाही.

हे सगळे लिहिताना रस्त्यावरच्या अंमलदाराचा जीवही स्वस्त नाही याची आम्हाला जाणीव आहे. खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्यावर २०१६ मध्ये हेल्मेटच्या कारवाईवरून हल्ला झाला आणि ते गेले. गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली, म्हणून कसाब जिवंत हाती लागला आणि कटाचा सगळा धागा न्यायालयापुढे आला. दलाचे बोधवाक्य ‘खलनिग्रहणाय’ म्हणते. निग्रह म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे.

आमची मागणी आटोपशीर आहे. प्रत्येक ठाण्यात पाठलागाची एक वही ठेवा. रकाने असे: सुरुवातीची वेळ आणि ठिकाण, कशासाठी हवा होता, कोणी धावले, कोणी धरले, कोणी बेडी घातली, कोणते बळ कुठे वापरले, जखमा पकडण्याआधीच्या की नंतरच्या, डॉक्टरची वेळ, कॅमेऱ्याचे चित्रण राखले का. धाडीचे आणि झडतीचे दृकश्राव्य चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावेच लागते. तोच मोबाइल पकडल्यानंतरच्या पाच मिनिटांत चालू ठेवायला वेगळा खर्च नाही. पाठलागात कोणी मेले तर नुसती अपमृत्यूची नोंद करून तपास त्याच ठाण्याकडे ठेवू नका. गंभीर दुखापत झाली तर प्रकरण पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाऊ शकते, हे आरोपीच्या नातेवाइकाला अटकेची माहिती देतानाच मराठीत लेखी कळवा. आणि वहीतली एकूण संख्या, नावे वगळून, दर तीन महिन्यांनी जाहीर करा.

पावसाळ्यात रस्ते ओले होण्याआधी निदान नाक्यांपुरता भाग लागू व्हावा, ही विनंती.

कळावे,

आपले,
मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांत काम करणारे वकील, न्यायवैद्यक विषयाचे डॉक्टर आणि निवृत्त पोलीस अधिकारी